एका ग्रंथातील अनेक मुखे : ‘ख्रिस्तपुराण’, ‘ख्रिस्तायन’ आणि बायबलमधील ईश्वरप्रतिमांचा ताण

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात जाण्यासाठी रेल्वेने निघाले, त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला, ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. प्रारंभी त्या ग्रंथात टिळकांचे मन रमले नाही. दिलेल्या शब्दाखातर ते वाचीत राहिले आणि गिरिप्रवचनापाशी आल्यावर त्यांना ग्रंथ खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा लेख मी भिलाई-३ येथील मुक्कामात लिहीत आहे. टिळक ज्या स्थानकावर उतरले ते येथून पंचेचाळीसेक किलोमीटरांवर, याच लोहमार्गावर आहे. या योगायोगाला समीक्षादृष्ट्या काही मूल्य नाही, हे मान्य करतो. पण रात्री मालगाड्यांचे आवाज ऐकत ती हकीकत पुन्हा वाचताना, आजवर दुर्लक्षिलेला एक तपशील मनात घर करून राहिला. टिळकांना धरून ठेवले ते एका विशिष्ट प्रकरणाने. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांतील देव सूर्य आणि पाऊस यांच्या बाबतीत सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडला असता, तर काय झाले असते?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मराठीतील तौलनिक अभ्यासात ‘ख्रिस्ती ईश्वरकल्पना’ हा शब्दप्रयोग एकवचनी वापरला जातो. एका बाजूला वारकऱ्यांचा विठ्ठल किंवा वेदान्ताचे ब्रह्म आणि दुसऱ्या बाजूला ‘ख्रिस्ती देव’ अशी मांडणी करून साम्यभेदांची यादी केली जाते. यातील दुसरी बाजू मुळात एकसंध नाही, ही गोष्ट त्या यादीत कोठेच उमटत नाही. बायबल हे एका लेखकाचे पुस्तक नसून अनेक शतकांत, अनेक हातांनी, परस्परांशी वाद घालीत तयार झालेला संग्रह आहे. त्यातील ईश्वरप्रतिमा एकमेकींना छेदतात, दुरुस्त करतात, काही ठिकाणी खोडूनही काढतात. मराठी लेखकांनी या संग्रहातील कोणता देव घेतला आणि कोणता वाटेत सोडला, हे पाहिल्याशिवाय ‘प्रभाव’ या शब्दाला अर्थ प्राप्त होत नाही, असे माझे मत आहे.

ज्या अध्यायाचा वर उल्लेख केला तो प्रथम पाहू. शमुवेल संदेष्टा शौल राजाला देवाची आज्ञा सांगतो : अमालेक्यांचा समूळ संहार कर, बायकामुले आणि गुरेढोरेही वगळू नकोस. शौल त्यांच्या राजाला जिवंत ठेवतो, उत्तम जनावरे राखून ठेवतो, आणि या ‘अपुऱ्या’ संहाराबद्दल त्याचे राज्य काढून घेतले जाते. नैतिक प्रश्न उघड आहे, पण साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून आत एक पेच दिसतो. अकराव्या ओवीत, म्हणजे वचनात (मराठी मनाची सवय अशी आड येते), शौलाला राजा केल्याचा आपल्याला पस्तावा होत आहे, असे देव स्वतः म्हणतो. एकोणतिसाव्या वचनात शमुवेल ठणकावतो की देव पस्तावा करीत नाही, तो काही मनुष्य नव्हे. पस्तिसाव्या वचनात निवेदक शांतपणे नोंदवतो की देवाला पस्तावा झाला. तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे. एका अध्यायाच्या आवाक्यात देव बदलतो, देव बदलत नाही, आणि देव बदलला. संपादकाला हे दिसले नसेल असे मानणे हा त्या संपादकाचा अपमान होईल. त्याने ते दिसूनही ठेवले.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेसमोरून जाताना आपल्या स्वभावाचे वर्णन करतो. ते दोन दलांचे आहे : पहिल्या दलात दया, मंदक्रोध, अपार करुणा, दुसऱ्यात दोषीला न सोडणे आणि वडिलांच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेणे. पुढे हे सूत्र बायबलमध्ये अनेकदा उद्धृत होते, पण ते कोण कसे उद्धृत करतो हे पाहण्यासारखे आहे. योना हे सूत्र म्हणतो तेव्हा दुसरे दल गाळतो आणि त्याच्या जागी ‘अरिष्ट आणण्याविषयी मन पालटणारा’ अशा अर्थाचे शब्द घालतो. गंमत अशी की योना ही स्तुती करीत नाही, तक्रार करीत आहे. निनवेच्या लोकांना, आपल्या राष्ट्राच्या शत्रूंना, देवाने क्षमा केली म्हणून तो संतापला आहे. यहेज्केल तर अठराव्या अध्यायात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिक्षेचे तत्त्वच नाकारतो : ज्याचे पाप त्याची शिक्षा. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाला शिरगणतीसाठी प्रवृत्त करणारा देव, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच कथा पुन्हा सांगताना, सैतान होतो. उत्तरकालीन लेखकाला जुने विधान सहन झाले नाही, म्हणून त्याने कर्ता बदलला.

तेव्हा ‘जुन्या करारातील कठोर देव आणि नव्या करारातील प्रेमळ देव’ ही लोकप्रिय विभागणी टिकत नाही. ती फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात सिनोपच्या मार्कियनने हे दोन देव वेगळेच आहेत असे प्रतिपादन केले, जुना करार पूर्णतः टाकला आणि लूकचे संस्कारित शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढाच ग्रंथ प्रमाण मानला. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पण ज्याला बाहेर काढले तो विचार धर्मसभेच्या दारातून गेला तरी वाचकांच्या मनातून गेला नाही. मार्कियनची अडचण तार्किक होती. त्याची चूक वाचनाची होती. होशेयाच्या अकराव्या अध्यायातील देव लेकराला चालायला शिकवतो, यशयाच्या पुस्तकातील देव आईप्रमाणे सांत्वन करतो, हे त्याला जुन्या करारात दिसले नाही. उलट बाजूने, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील सार्वकालिक अग्नी आणि प्रकटीकरणातील रक्ताचा द्राक्षकुंड नव्या करारात आहेत, याकडेही या विभागणीत डोळेझाक होते.

मराठीत हा सगळा ग्रंथ सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ दोन भागांचे आहे : पहिले पुराण जुन्या कराराच्या कथेचे, दुसरे ख्रिस्तचरित्राचे. एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. स्टीफन्सच्या भाषेचे कौतुक मराठीत भरपूर झाले आहे. त्या भाषाप्रेमामुळे त्याच्या रचनेतील एक अंतर्गत ताण मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सुटला आहे असे वाटते.

पुराण हा प्रकार अनेकमुखी दैवताला सामावून घेणारा प्रकार आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह आणि प्रल्हादाला मांडीवर घेणारा नरसिंह हे एकाच अध्यायात एकाच श्रोत्याला ऐकवले जातात आणि श्रोता गोंधळत नाही. अवतार, लीला, युगधर्म अशी पात्रे पुराणिकाजवळ तयार असतात. विसंगती त्यांत ओतली की ती कथा होते. स्टीफन्सने हा साचा घेतला, श्रोत्याने विचारावे आणि पाद्रीने सांगावे ही चौकट घेतली, ओवी घेतली. परंतु ट्रेंटच्या धर्मसभेनंतरच्या कॅथलिक धर्मशास्त्राने त्याला ती पात्रे घेण्याची मुभा दिली नव्हती. त्याचा देव लीला करू शकत नाही. तो एकच, अचल आणि न्यायी असला पाहिजे. म्हणजे जलप्रलय घडवणारा आणि क्रुसावर मरणारा देव यांच्यातील अंतर भरून काढण्यासाठी पुराणिकाचे साधन त्याला निषिद्ध, आणि पंडिताचे साधन ओवीत न मावणारे. त्याने केले ते असे की पहिल्या पुराणाचा सारा ओघ येणाऱ्या तारकाच्या प्रतीक्षेकडे वळवला. शिक्षा ही वचनाची प्रस्तावना झाली. आदामाचे पतन, प्रलय, इस्रायलाची वणवण, सगळे काही पुढे येणाऱ्याची भूक निर्माण करण्यासाठी. निवेदनतंत्र म्हणून हे यशस्वी आहे. ओघ कोठेही तुटत नाही. पण प्रत्येक प्रसंगाला स्वतःचा म्हणून जो काटा होता, तो या ओघात गुळगुळीत होतो.

आणि श्रोते कोण होते? साष्टी प्रांतातील नवख्रिस्ती. १५६७ मध्ये याच साष्टीतील देवळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले आणि त्याचा बदला घेतला गेला. मूर्ती फोडण्याची, वेद्या पाडण्याची जुन्या करारातील आज्ञा या श्रोत्यांना दृष्टान्त म्हणून ऐकू येणे शक्य नव्हते. ती त्यांच्या वडिलांच्या आठवणीतील घटना होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या माधुर्यावर लिहिताना ही बाजू बाजूला ठेवण्याची आपली सवय मला संशयास्पद वाटते. माधुर्य खरे आहे. त्या माधुर्याने जे झाकले जाते तेही खरे आहे.

एकोणिसाव्या शतकातील वादविवादांत झाकण निघाले. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकाठी आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना प्रश्न विचारीत राहिले. पुराणांतील देवांच्या वर्तनावर मिशनऱ्यांनी बोट ठेवले की तेच बोट उलटे फिरवता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले. या वादांचे वाङ्मयीन मूल्य मर्यादित आहे; दोन्ही पक्ष दुसऱ्याचा ग्रंथ वकिलासारखा वाचतात. अपवाद नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४० च्या दशकात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताची परीक्षा केली. मर्यादित आयुष्यातील पापाला अमर्याद नरक देणारा ईश्वर दयाळू कसा, ही त्यांची एक मुख्य हरकत होती. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मांतराने हरकत मिटली नाही. सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न त्यांना ख्रिस्ती झाल्यावरही छळत राहिला. दांडेकरांचा प्रश्न प्रतिपक्षाला गप्प करण्यासाठी होता, गोऱ्ह्यांचा प्रश्न स्वतःला गप्प बसू देत नव्हता. बायबलच्या अंतर्गत ताणाचा मराठी माणसाने घेतलेला पहिला अस्सल अनुभव म्हणून मी गोऱ्ह्यांकडे पाहतो. तो संस्कृतात आणि इंग्रजीत राहिला, मराठी वाङ्मयात उतरला नाही, ही आपली हानी.

टिळकांकडे पुन्हा येऊ. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या त्यांच्या विधानाचा उल्लेख नेहमी होतो. पुलावरून येणारा माणूस काय काय सामान बरोबर आणतो, हे मात्र फारसे तपासले गेलेले नाही. टिळकांनी आणली ती माउली. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा आई आहे, गुरू आहे, सखा आहे. हिब्रूमध्ये देवाच्या दयेसाठी जो शब्द येतो त्याचा गर्भाशयवाचक शब्दाशी धातुसंबंध आहे. मराठीतील ‘कळवळा’ हा शब्द त्याच्या जितका जवळ जातो तितका जवळ जाणारा शब्द युरोपीय भाषांत मला आढळलेला नाही. टिळकांना हिब्रू येत असो वा नसो, वारकरी परंपरेने त्यांच्या हातात तो शब्द आयता दिला होता. येथे मराठी ख्रिस्ती कविता मूळ ग्रंथाच्या एका थराला इंग्रजी स्तोत्रांपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते.

पण तुकोबांजवळ आणखी एक गोष्ट होती. ते देवाशी भांडतात. देवाला दिवाळखोर म्हणतात, निष्ठुर म्हणतात, तू मेलास की काय असे विचारण्यापर्यंत जातात. नामदेव-जनाबाईंपाशीही हा हक्क आहे. बायबलमध्ये या भांडणाचे तंतोतंत सगोत्र आहे : स्तोत्रसंहितेतील विलाप, यिर्मयाच्या तक्रारी, आणि सर्वांत वर ईयोब. ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू मांडणारे मित्र शेवटी देवाकडूनच दोषी ठरतात आणि देवावर आरोप करणारा ईयोब योग्य बोलला असे म्हटले जाते. ईश्वरप्रतिमांचा ताण न सोडवता त्यात उभे राहण्याची ही वाट मराठी भक्तीला परकी नव्हती. टिळकांनी तुकोबांची माया घेतली, तुकोबांचे भांडण पुलाच्या पलीकडे ठेवले, असे त्यांची ख्रिस्तपर कविता वाचताना मला वारंवार वाटते. त्यांच्या कवितेत व्याकुळता आहे, स्वतःच्या उणेपणाची बोचणी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र देव कधी उभा राहत नाही.

‘केवढे हे क्रौर्य!’ ही शाळेपासून आपल्या परिचयाची कविता या दृष्टीने पुन्हा वाचावी. जखमी पक्षीण मरता मरता पिलांपाशी येते, चोचीतला घास त्यांना देते. मराठीत करुणेचे इतके थेट चित्र थोडेच असेल. कवी क्रौर्याचा प्रश्न विचारतो, पण तो माणसाला. मत्तयाच्या शुभवर्तमानात चिमणी जमिनीवर पडते तीही पित्याच्या नकळत नाही, असे म्हटले आहे. हे वचन धीर देणारे म्हणून वाचले जाते. ते भयंकर म्हणूनही वाचता येते. पित्याला कळते, तरी ती पडते. टिळकांच्या पक्षिणीच्या आणि मत्तयाच्या चिमणीच्या मधल्या जागेत ईयोबाचा प्रश्न उभा आहे. टिळक त्या जागेत गेले नाहीत. ही मूल्यहीनता नव्हे. पण निवड आहे, आणि तिला निवड म्हणून ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची रचनाच हे सांगते. स्टीफन्सला दोन पुराणे लागली; टिळकांनी ख्रिस्तचरित्र हाच विषय घेतला. आदिपुराण गेले, आणि त्याच्याबरोबर प्रलय, अमालेक, ईयोब, योना गेले. टिळकांच्या हातून प्रारंभीचे अध्याय झाले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून काढला आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचा हात लागल्यावर देव थोडा घरात येतो, हे खरे. माझ्या मते त्यांचे खरे धर्मशास्त्र ‘ख्रिस्तायना’त नसून ‘स्मृतिचित्रां’त आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर त्या एकट्याने विचार करतात तो भाग पाहा. ग्रंथप्रामाण्य नाही, टीकाकारांचे दाखले नाहीत. पशुपक्ष्यांत अशी उतरंड दिसत नाही, तेव्हा ती देवाची नव्हे, एवढा सरळ हिशेब. इतिहासकाराने दाविदाच्या गणतीचा कर्ता बदलला तसाच हा कर्तृत्वबदल आहे. जे देवाला शोभत नाही ते देवाने केलेले नाही. महात्मा फुल्यांनी ‘निर्मिक’ हा शब्द घडवताना हेच अधिक कठोरपणे, सर्व ग्रंथांना बाहेर ठेवून केले होते. लक्ष्मीबाईंनी ते चुलीजवळ बसून केले.

येथवर आपण क्रोध आणि करुणा यांचाच विचार केला. आणखी एक ताण आहे आणि तो जेथे बसून हा लेख लिहीत आहे तेथे विशेष जाणवतो. निर्गमातील देव गुलामांची आरोळी ऐकतो. दलित ख्रिस्ती विचाराने त्याला आपला मानले ते यथार्थ आहे. पण तोच देव सुटलेल्या लोकांना जी भूमी देतो, तेथे आधीच कनानी राहत असतात. १९८९ मध्ये रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर या अमेरिकेतील ओसेज आदिवासी समाजातील अभ्यासकाने हा प्रश्न मांडला : आम्ही ही कथा वाचतो तेव्हा स्वतःला कनानी म्हणून ओळखतो. छत्तीसगढात १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूरला जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ठाणे उभारले. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या सतनामी समाजात आपला संदेश सहज रुजेल, अशी त्यांना आशा होती. गुरू घासीदासांचा ‘सतनाम’ निराकार असल्याने साम्य वरवर पटण्यासारखे होते. पण निराकार असणे आणि भूमी वाटून देणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पोलाद कारखान्यासाठी गावांच्या जमिनी गेल्या, त्या परिसरात यहोशवाचे पुस्तक वाचताना वाचक कोणाच्या जागी उभा राहतो, हे ठरवणे सोपे जात नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कनान्यांच्या बाजूने लिहिलेले काही माझ्या पाहण्यात आलेले नाही.

शेवटी भाषांतराविषयी, कारण हे सारे ताण अखेर शब्दांत राहतात. प्रचलित मराठी बायबलात ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ ही दोन नामे हिब्रूतील दोन नामांसाठी योजलेली आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात एक, दुसऱ्यात दोन्ही जोडून. एकोणिसाव्या शतकातील जर्मन चिकित्सेने याच नामभेदावरून वेगवेगळे मूळ स्रोत शोधले. मराठी वाचकाला दोन्ही शब्द समानार्थी वाटतात, म्हणून शिवण दिसतच नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेला अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. या दोन्ही अनुवादांचा ईश्वरवाचक शब्दांच्या अंगाने सविस्तर तौलनिक अभ्यास व्हायला हवा. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाठांवर जेवढी मेहनत झाली, तिचा दहावा हिस्साही या संहितांच्या वाट्याला आलेला नाही.

त्या अभ्यासाची सुरुवात कोठून करावी, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर मी त्याला शमुवेलाच्या त्या पंधराव्या अध्यायातील क्रियापदाकडेच पाठवीन. हिब्रूतील तो धातू पस्तावणे आणि सांत्वन पावणे या दोन्ही अर्थांनी येतो. शौलाविषयी देवाला जे ‘वाटते’ आणि यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी देव आपल्या लोकांचे जे सांत्वन करावयास सांगतो, ते एकाच मुळाचे आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, प्रलयाच्या आधी, माणूस निर्माण केल्याबद्दल देवाला जे होते तेही तेच. मराठीत ‘पस्तावा’ म्हटले की सांत्वन जाते, ‘सांत्वन’ म्हटले की पस्तावा जातो. ‘मन द्रवणे’ काही ठिकाणी चालेल. प्रलयाच्या प्रसंगी ते चालत नाही. तुकोबांच्या किंवा जनाबाईंच्या गाथेत कोठेतरी असा शब्द असेल, ज्यात राग निवणे आणि जीव हळहळणे एकत्र नांदतात. तो शोधण्यासाठी दोन्ही गाथा आणि दोन्ही करार एकाच मेजावर उघडून बसावे लागेल.